खेळून बघितलेली दुःखाची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण)

काहीजणी कामं आवरून बसला असाल, काहीजणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. हात चालू राहू द्या. आजचा विषय हात चालू ठेवून ऐकण्यासारखाच आहे.

लहानपणी आपण सगळ्याच भातुकली खेळलोय. मातीची बोळकी, चुरमुऱ्यांचा भात, गुळाच्या पाण्याचा चहा. आता आठवून बघा, त्या खेळात दोन गोष्टी एकत्र असायच्या. एक म्हणजे काम. चूल मांडायची, पानं घ्यायची, खोट्या दुकानातून खोटं वाणसामान आणायचं. दुसरी म्हणजे गोष्ट. बाहुलीला ताप आलाय, पाहुणे अचानक आलेत, लेक सासरी निघालीय. आमच्या गल्लीतली एक मैत्रीण बाहुलीला सासरी पाठवताना खरंच रडायची. आम्ही हसायचो तिला. पण तिने त्या बाहुलीला चार दिवस जेवू घातलं होतं, न्हाऊ घातलं होतं. नुसती गोष्ट ऐकली असती तर ती कदाचित रडली नसती.

आज मी ज्या खेळांबद्दल सांगणार आहे ते मोठ्या माणसांची भातुकलीच आहेत, फक्त संगणकावर खेळायची. त्यात काम अगदी साधं असतं: गाडी लावायची, सुट्टे पैसे द्यायचे, घरी जाऊन स्वयंपाक करायचा. तेच काम रोज करत असताना मागून एक गोष्ट उलगडत जाते, आणि ती बहुतेक वेळा दुःखाची असते. ती कुठे वळेल हे थोडंफार खेळणारीच्या हातात असतं. तुम्ही म्हणाल, आपल्याला घरात दुःख कमी आहे का, की खेळातही ते घ्यावं? मलाही आधी तेच वाटलं होतं.

मेलनीची कॉफीची गाडी

माझी भाची पुण्यात संगणकाचं शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "मावशी, तू गटाच्या बायकांना धंद्याचं नियोजन शिकवतेस ना? मग हा खेळ खेळून दाखव." खेळाचं नाव 'कार्ट लाइफ'. म्हणजे हातगाडीवरचं आयुष्य म्हणा. अमेरिकेतल्या रिचर्ड हॉफमायर नावाच्या माणसाने तो जवळजवळ एकट्याने बनवलाय. २०१३ साली स्वतंत्र खेळ बनवणाऱ्यांच्या तिथल्या महोत्सवात या खेळाला सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं. पुढे त्याने तो सगळ्यांसाठी फुकट करून टाकला. चित्रं अगदी साधी, काळी-पांढरी-करडी. रंग नावाला नाही.

त्यात एक मेलनी नावाची बाई आहे. नवऱ्यापासून वेगळी झालीय, एक शाळकरी मुलगी आहे, सध्या बहिणीच्या घरी राहते. मुलगी कोणाकडे राहणार याचा निकाल कोर्टात लागायचाय. सुनावणी थोड्याच दिवसांवर आलीय आणि तोवर तिला दाखवायचंय की मी कमावते, मी मुलीला सांभाळू शकते. त्यासाठी तिने कॉफीची गाडी घेतलीय. आणखी एक आहे आंद्रुस, युक्रेनहून आलेला. वर्तमानपत्रं विकतो, भाड्याच्या खोलीत राहतो, सोबतीला फक्त एक मांजर.

मी मेलनी घेतली. आता माझा धंदा कसा चालला ते ऐका.

पहिली गोष्ट, गाडी घेतली म्हणून लगेच लावता येत नाही. सरकारी कार्यालयात जाऊन परवाना काढायचा. तिथे जायला वेळ जातो, पैसे जातात. मग माल आणायचा: कॉफी, दूध, कप. मग गिऱ्हाईक येतं. ते जे मागतं ते देण्यासाठी पडद्यावर येणारे शब्द कळफलकावर भराभर टाइप करायचे. नंतर त्याचे उरलेले पैसे मोजून द्यायचे, एकेक नाणं. माझी बोटं इंग्रजीत अडखळतात. एक अक्षर चुकलं की गिऱ्हाईकाचा चेहरा बदलतो, उशीर झाला की ते निघून जातं. आणि हे सगळं चालू असताना वर घड्याळ पळतंय. तुम्ही परवान्याच्या रांगेत असा, गिऱ्हाईकाशी दोन शब्द बोलत असा, नाहीतर नुसत्या चालत असा, घड्याळ थांबत नाही. तिकडे मुलीची शाळा सुटायची वेळ होते.

पहिल्या दिवशी माझी बोहनीच झाली नाही. परवान्यात आणि मालात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी चार गिऱ्हाईकं धड झाली, पण त्या नादात मुलीला शाळेतून आणायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी मुलीला आणलं, तिच्याबरोबर गप्पा मारत घरी आले, फार बरं वाटलं, आणि गाडीवरची संध्याकाळची कमाई बुडाली. मी गेली नऊ वर्षं सहयोगिनी म्हणून काम करते. किती गटांच्या नोंदवह्या तपासल्या, किती जणींना "वेळेचं आणि पैशाचं नियोजन करा" म्हणून सांगितलं, त्याची मोजदाद नाही. तीन दिवसांत माझं सगळं नियोजन कोलमडलं. मी भाचीला म्हणाले, "अगं, हा खेळच चुकीचा आहे. एवढ्या वेळात एवढी कामं होणारच नाहीत." ती हसली. म्हणाली, "मावशी, तेच तर सांगतोय तो."

हाताने केलेलं मनात राहतं

यात शिकण्यासारखं काय आहे, ते मी नंतर बराच विचार करून माझ्यापुरतं मांडलंय.

मेलनीची गोष्ट मी मासिकात वाचली असती तर "बिचारी" म्हणून पान उलटलं असतं. कारण वाचताना "तिचा दिवस धावपळीत गेला" हे एकच वाक्य असतं. खेळात तो दिवस आपल्याला स्वतः पार पाडावा लागतो. चाळीसावा कप देताना बोटं खरंच कंटाळलेली असतात. म्हणून खेळातलं काम मुद्दाम साधं आणि तेच-तेच ठेवलेलं असतं. ते अवघड कोडं असतं तर आपण कोडं सोडवण्यात रमलो असतो आणि मेलनीला विसरलो असतो.

दुसरं म्हणजे, ठरवणारी मी असते. मुलीला आणायचं की गिऱ्हाईक करायचं, हे मीच ठरवलेलं असतं. त्यामुळे मुलगी शाळेच्या दाराशी थांबली याचं वाईट वाटतं ते प्रेक्षक म्हणून वाटत नाही. आपल्या हातून झालं, असं वाटतं. सापशिडीत साप गिळतो तेव्हा आपण फाशाला दोष देतो. इथे फासा नाही.

आता मला एक कबूल करायचंय. आमच्या एका गटात एक ताई होती. नाश्त्याची गाडी लावायची. सलग तीन हप्ते चुकले. मी भर बैठकीत तिला म्हणाले, "ताई, धंदा चांगला आहे, जागा मोक्याची आहे, तुमचं नियोजनच नाही." ती काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी नोंदवहीत 'अनियमित सदस्य' असं लिहिलं आणि माझ्या लेखी तो विषय संपला.

त्या खेळानंतर दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. माफी मागितली, आणि कागद घेऊन तिचा एक दिवस तासातासाने लिहायला बसले. पहाटे चारला उठणं, पाणी, पीठ भिजवणं. सासऱ्यांना अर्धांगवायू, त्यांचं सगळं अंथरुणात. गाडी लावायची सात वाजता, पण धाकट्याची शाळा साडेसातची, म्हणून गाडी लागायची आठला. तोपर्यंत कामावर जाणारी गिऱ्हाईकं निघून गेलेली. महिन्यातून दोनदा सासऱ्यांना तालुक्याला न्यायचं, ते दोन दिवस गाडी बंद. कागदावर लिहून झालं तेव्हा मला दिसलं की तिच्या नियोजनात चूक काढायला जागाच नव्हती. तिच्याकडे नव्हता तो सकाळचा एक तास. आणि तो तास मी कधी विचारलाच नव्हता.

युद्धातलं घर

असे खेळ आणखीही आहेत. पोलंड देशातल्या वॉर्सा शहरात बनलेला 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा खेळ २०१४ साली आला. युद्धाचे खेळ म्हटलं की बंदुका आणि सैनिक, हे आपल्या मुलांच्या मोबाइलवर आपण बघतोच. यात आपण सैनिक नसतो. वेढा पडलेल्या शहरातल्या एका पडक्या घरात अडकलेली साधी माणसं सांभाळायची असतात. हा खेळ साराजेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. १९९२ ते १९९६, जवळजवळ चार वर्षं ते शहर वेढलेलं होतं.

खेळातलं काम म्हणजे घरकाम. दिवसा बाहेर पडलं तर गोळी लागेल, म्हणून दिवसभर घरात राहून चूल बनवायची, पावसाचं पाणी गोळा करायचं, आजाऱ्याला बघायचं. रात्री एकाने बाहेर जाऊन अन्न, औषधं, लाकडं शोधून आणायची. एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांच्याकडे अन्न आणि औषध आहे, आणि ते आपल्याला अडवू शकत नाहीत. घ्यायचं का? आपल्या घरात आजारी माणूस आहे. घेतलं तर पोट भरतं, पण नंतर आपल्याच घरातली माणसं खिन्न होऊन बसतात, कामाला हात लागत नाही. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा खेळ मोठ्या शाळकरी मुलांच्या वाचनाच्या यादीत घेतला. पुस्तकांच्या यादीत एक खेळ!

खेळ कुठे फसतो

पण मैत्रिणींनो, हे खेळ खेळले की माणूस आपोआप शहाणा होतो असं मी म्हणणार नाही. याचंही एक उदाहरण आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरात बेघर लोकांसाठी काम करणारी एक संस्था आहे. त्यांच्यासाठी २०११ साली एका जाहिरात कंपनीने 'स्पेंट' नावाचा खेळ बनवला. हातात हजार डॉलर, नोकरी गेलेली, घर नाही, पदरात मूल, आणि महिना काढायचा. घर लांब घेतलं तर भाडं कमी पण प्रवासखर्च जास्त. दात दुखतोय, दवाखान्यात जायचं की सहन करायचं? असे प्रश्न एकामागून एक येतात. हेतू चांगला: खेळणाऱ्याला गरिबी कळावी.

पुढे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं की हा खेळ खेळून लोकांच्या मनात गरिबांबद्दल आपुलकी वाढते का. २०१६ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. अपेक्षेप्रमाणे आपुलकी वाढली नव्हती. ज्यांना आधीच वाटत होतं की कष्ट करणारा वर येतोच, त्यांच्यावर तर उलटा परिणाम झाला. कारण काय? खेळात प्रत्येक गोष्ट आपल्या निवडीवर चालते. मग खेळणाऱ्याला वाटतं, बघा, नीट निवडलं की महिना निघतो. म्हणजे ज्यांचा निघत नाही त्यांनी चुकीचं निवडलं असणार.

हे वाचलं तेव्हा मला माझंच वाक्य आठवलं, "तुमचं नियोजनच नाही." मीही तेच करत होते. समोर दोनच वाटा आहेत आणि दोन्हीकडे खड्डा आहे, हे न बघता "तू ही वाट का घेतलीस" असं विचारत होते.

म्हणून असा खेळ खेळून झाल्यावर बोलणं फार महत्त्वाचं. कोणी काय चुकीचं निवडलं यावर थांबायचं नाही. निवडायला काय काय होतं आणि काय नव्हतंच, ते विचारायचं. जे नव्हतं, ते गट म्हणून आपण देऊ शकतो का, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

आपल्या बैठकीत खेळून बघा

यासाठी संगणक लागत नाही. मी आमच्या दोन गटांत कागदावर खेळून बघितलाय. पाऊण तास पुरतो. कसा ते सांगते, लिहून घ्या.

एक काल्पनिक बाई ठरवा. तिला नाव द्या, पण गावातल्या कुणाचं नको. तिची भजीची गाडी आहे. प्रत्येकीला रोज आठ चिंचोके द्या. एक चिंचोका म्हणजे एक तास. त्यातले चार तास ठरलेले: पाणी आणि स्वयंपाक दोन, मुलांची शाळा एक, माल आणणं एक. उरलेले चार तास गाडीवर. गाडीवरच्या एका तासाला चाळीस रुपये सुटतात, आणि घरखर्च रोज शंभर रुपये. म्हणजे दिवसाला एकशेसाठ मिळाले, शंभर गेले, साठ उरले. सहा दिवसांचे तीनशेसाठ. सातव्या दिवशी तीनशे रुपयांचा हप्ता. दहा रुपयांना एक हरभरा असा हिशेब ठेवा.

कागदावर हा हिशेब बसतो. कर्ज देताना आपण असाच हिशेब करतो, आणि "सहज फिटेल" म्हणतो.

आता चिठ्ठ्या करा. रोज सकाळी प्रत्येकीने एक उचलायची. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या ठेवा. काहींवर लिहा: पाऊस, आज कमाई निम्मी. पाहुणे आले, एक तास आणि पन्नास रुपये गेले. कार्यालयात कागदासाठी फेरी, दोन तास गेले. गावात जत्रा, आज कमाई दुप्पट. आणि एक चिठ्ठी: मुलाला ताप, दवाखान्यात तीन तास आणि दीडशे रुपये, नेलं नाही तर उद्या दोन चिठ्ठ्या उचलायच्या.

ही तापाची चिठ्ठी आली की हिशेब बघा. तीन तासांचे एकशेवीस बुडाले, दवाखान्याचे दीडशे गेले, एकूण दोनशेसत्तर. आठवड्याअखेर तीनशेसाठऐवजी नव्वद रुपये हातात. एका तापाने हप्ता गेला. आमच्या गटात ही चिठ्ठी ज्या काकूंना आली, त्यांनी आधी म्हटलं, "नाही नेत दवाखान्यात." मग दुसऱ्या दिवशी दोन चिठ्ठ्या उचलल्या, पाऊस आणि पाहुणे. सगळ्या हसल्या, काकूही हसल्या. मग हसता हसता गप्प झाल्या. म्हणाल्या, "माझ्या मोठ्याच्या वेळेला मी असंच केलं होतं." त्यानंतर कोणीच काही बोललं नाही बराच वेळ.

म्हणून हा खेळ घेताना तीन पथ्यं पाळा. एक, खेळातली बाई काल्पनिकच राहू द्या, कुणाचं खरं कर्ज त्यात ओढू नका. दोन, जिला खेळायचं नाही तिला आग्रह करू नका, ती हिशेब लिहील. तीन, खेळ संपला की लगेच उठू नका. चहा ठेवा, बोला.

मग दुसऱ्यांदा खेळा, आणि या वेळी दोन चिठ्ठ्या नव्याने घाला. एक: शेजारीण दोन तास गाडी सांभाळते. दुसरी: गटाने हप्ता एक आठवडा पुढे घेतला. ताप येईलच, पाऊस पडेलच. पण हातात काय उरतं ते मोजून बघा. आमच्याकडे ज्या बाईचा हप्ता पहिल्या खेळात चुकला, तिचा दुसऱ्या खेळात फिटला. बाई तीच, तिचं कष्ट करणं तेच.

आता त्या नाश्त्याच्या गाडीवाल्या ताईबद्दल. तिच्या घरातलं दुखणं गेलेलं नाही, आणि कर्जही अजून फिटलेलं नाही. पण तिच्या गल्लीतली गटातलीच एकजण आपल्या पोराबरोबर तिच्या धाकट्यालाही शाळेत सोडते. गाडी आता सातला लागते. तालुक्याला जायचे दोन दिवस धरून तिचा हप्ता गटाने लहान केला, मुदत वाढवली. गेल्या चार महिन्यांत एकही हप्ता चुकला नाही. ती बैठकीला येते. माझ्याशी अजून थोडी जपूनच बोलते, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्या गटात कुणाच्या नावापुढे 'अनियमित' असं लिहिलेलं असेल, तर पुढच्या बैठकीआधी तिच्या घरी जा. कागद घ्या, तिचा एक दिवस तासातासाने लिहा. आणि बैठकीत चिंचोके, हरभरे घेऊन बसा. काय झालं ते मला नक्की कळवा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.